टोर्गेरच्या बंदुकीची नवी नळी

१७ ऑगस्ट १९८७, सोमवार

पोचले एकदाची ग्रेनदालला! बसमधून उतरताना माझ्याकडे दोन पेट्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत कानशी, नळी आतून कोरायचे रीमर, मापं आणि माझं कारागिरीचं प्रमाणपत्र, वर ठळक अक्षरांत ‘योरुन’. ड्रायव्हरने दुसरी उचलायला हात घातला आणि विचारलं, बाई, आत नवरा भरून आणलाय काय? मी म्हटलं, एवढा वजनदार मिळाला असता तर केला असता की.

वर्कशॉप घराच्या खालच्या मजल्यावर आहे. वर घरमालकीण राहते. आस्लाउग नाव, एकसष्ट वर्षांची, काटक, बोलायला कमी. तिचा नवरा आमुंद इथे बत्तीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. गेल्या जानेवारीत गेला. त्याचा बाक, त्याची लेथ, नळी धरायचा ओकच्या ठोकळ्यांचा शिकंजा, सगळं जागच्या जागी आहे. त्याचा चहाचा कपसुद्धा. कप उचलू का म्हणून विचारलं तर आस्लाउग म्हणाली, असू दे, तुला नको असेल तर खिळे ठेव त्यात.

सगळ्यात आवडली ती उत्तरेची मोठी खिडकी. बंदूकवाल्याला उत्तरेचा उजेड म्हणजे सोनं. नळी उजेडाकडे धरायची, मागच्या टोकाला डोळा लावायचा, की आतला गंजाचा एकेक ठिपका सांगायला लागतो. खिडकीबाहेर उतारावर दाट हिरवं गवत, त्यात आस्लाउगच्या चार मेंढ्या. बस्स. याहून जास्त मला काही नको.

संध्याकाळी तिने वॉफल केले, वर तपकिरी चीज. मी पाच खाल्ले. सहावा तिने न विचारता ताटात टाकला.

२२ ऑगस्ट, शनिवार

पहिलं मोठं काम आलं. आस्लाउगचा धाकटा भाऊ टोर्गेर, वरच्या शेतावर एकटाच राहतो. ब्लँकेटात गुंडाळलेली बंदूक त्याने लेकराला ठेवावं तशी बाकावर ठेवली. जुनी जर्मन लष्करी रायफल. पाच वर्षं इथे ठाण मांडून बसलेले जर्मन युद्ध संपल्यावर मागे टाकून गेले त्यातली. त्याच्या वडिलांची, मग त्याची.

मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम ५ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याआधी नेमबाजीची परीक्षा असते, शंभर मीटरवर कागदी मूसच्या छातीत पाच गोळ्या. टोर्गेर दोन वर्षं नापास झालाय. शिकारीच्या टोळीतले म्हणतात, टोर्गेर, यंदा तू आमची कॉफी वाहा. तो माझ्यापुढे छाती ठोकून म्हणाला, म्हातारी झालीय ती बंदूक, मी नाही!

खरं होतं त्याचं. मी एक काडतूस घेऊन नळीच्या तोंडात धरलं. चांगल्या नळीत गोळीचं जेमतेम टोक शिरतं. इथे ती सबंध आत गेली, काडतुसाच्या पितळी कवचापर्यंत. गोळीला फिरकी देणारे आतले पेच झिजून गुळगुळीत झालेत. अशा नळीतून गोळी कुठेही जाईल, मूसकडे सोडून. मी म्हटलं, नवी नळी बसवू, महिन्याभरात देते.

त्यावर तो इतका खूश झाला की मला मिठीच मारली. म्हणाला, वीस वर्षं आमुंदच्या मागे लागलो होतो. मेव्हणा लाख माणूस, पण या एका बाबतीत गाढव. एकदा नळीतून बघितलं आणि ब्लँकेटात गुंडाळून परत दिली. कारण विचारलं तर म्हणायचा, दुसरी बंदूक घे.

तेवढ्यात आस्लाउग वॉफलची ताटली घेऊन जिना उतरत होती. बाकावरची बंदूक दिसली तशी मध्येच थांबली. ताटली पायरीवर ठेवली आणि वर निघून गेली. टोर्गेर हसला. म्हणाला, ताईला हिचा आवाज सहन होत नाही, लहानपणापासून.

२४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढला, नळी साफ केली, खिडकीकडे धरून डोळा लावला. आत खड्डे, गंज, पेच जवळजवळ नाहीतच. आणि टोकाच्या उजेडाच्या चकतीत एक माणूस. अगदी लहान, तांदळाएवढा. पाठमोरा उभा.

वाटलं, कुरणात कुणी आलंय. मान वर केली. मेंढ्या होत्या, माणूस नव्हता. पुन्हा डोळा लावला तर होता. 

डोळ्यांवर ताण आला असेल म्हणून कॉफी प्यायले. मग खिडकीच्या काचेवर पांढरा कागद चिकटवला आणि नळी कागदाकडे धरली. आता दिसायला हवा तो फक्त पांढरा गोल. पण तो होताच. लांब कोट, डोक्यावर टोपी नाही. पुढे ओढ्यासारखं काहीतरी आणि काठाने बर्फाचे तुकडे.

ऑगस्टात बर्फ!

झिजलेल्या पोलादात उजेड वेडावाकडा फिरतो, हे मला शिकवलेलं आहे. गंजाच्या डागांत चेहरे शोधणारी मी काही पहिली नाही. तीन दिवस गंज सोडवायचं तेल पाजत ठेवते.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

जुनी नळी निघाली. ओकच्या ठोकळ्यांत राळ भुरभुरून नळी आवळली, मागच्या भागाला लांब दांड्याचा पाना लावला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. तासभर हलली नाही. मग कडाक् असा आवाज झाला. वर आस्लाउगच्या हातून काहीतरी पडून फुटलं.

थोड्या वेळाने ती खाली आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसली. म्हणाली, पोरी, टोर्गेरला सांग की या बंदुकीची नळी कुठे मिळत नाही. मी म्हटलं, मिळते हो, मागवलीसुद्धा. तशी म्हणाली, मग सांग की आली ती वाकडी होती. मी विचारलं, का? तर म्हणाली, त्याची आता नजर गेलीय, कुणाला लागेल.

त्याची नजर घारीसारखी आहे. मी सांगितलं की मी खोटं बोलणार नाही. नव्या गावात पहिल्याच कामात खोटं बोलले तर माझ्याकडे कोण येईल? ती उठली. दारात म्हणाली, आमुंद बोलला खोटं माझ्यासाठी, वीस वर्षं.

जुनी नळी कोपऱ्यात उभी ठेवलीय.

११ सप्टेंबर, शुक्रवार

नवी नळी बसली! आलेली नळी सुरेख होती. आटे साफ, आत आरसा. काडतूस बसतं ते मागचं घर मुद्दाम थोडं अपुरं ठेवलेलं असतं. शेवटचे केसभर थर हाताने रीमर फिरवून काढावे लागतात. दोन मापं असतात, एक नेमकं, दुसरं केसभर लांब. पहिल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. अर्धा फेरा, बाहेर काढ, पूस, तेल, पुन्हा अर्धा फेरा. संध्याकाळी चार वाजता बोल्ट पहिल्या मापावर लोण्यासारखा मिटला, दुसऱ्यावर अडला. मी एकटीच मोठ्याने हुर्ये म्हणाले.

बाहेर उताराच्या मातीच्या भिंतीवर पन्नास मीटरवर कागद लावून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. आमुंदसुद्धा याहून सरस करू शकला नसता.

मेंढ्या मात्र कुरणाच्या पार कडेला जाऊन कुंपणाला चिकटल्यात. परत यायला तयार नाहीत.

१२ सप्टेंबर, शनिवार

काल झाडलेली नळी साफ करून उजेडाकडे धरली. लिहावं की नको कळत नाही. लिहितेच.

आत लखलखीत पेच, एखाद्या बोगद्यातल्या रुळांसारखे फिरत फिरत टोकाला गेलेले. आणि टोकाला तोच. आता बोटाच्या पेराएवढा. आता पाठमोरा नाही. वळलाय. 

चेहरा अजून नीट दिसत नाही. पण तोंड माझ्याकडे आहे.

नवी नळी. तिच्यात गंज नाही, डाग नाही. मग मला शिकवलेलं काय कामाचं?

१९ सप्टेंबर, शनिवार

टोर्गेर परीक्षेत पास झाला. पाचही गोळ्या काळजात. टोळीतल्या लोकांनी त्याला उचललं, मलाही. कुणीतरी ओरडलं, मिस्त्रीणबाई, माझ्या बायकोलाही नवी नळी बसवून द्या! सगळे हसले. टोर्गेर हसला नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, काय झालं. मग म्हणाला, माझ्या आणि कागदाच्या मध्ये कुणी उभं होतं का? मी सांगितलं, कुणी नव्हतं. तो म्हणाला, हो, मलाही तसंच वाटलं.

मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एवढं चांगलं काम झालं होतं.

२३ सप्टेंबर

आस्लाउग जेवत नाही. कॉफी, कोरडा ब्रेड, बस. तिला विचारलं, आमुंदने त्या नळीत काय बघितलं होतं. ती म्हणाली, तू जे बघितलंस तेच. मी त्याबद्दल कधी काही बोललेच नव्हते तिच्याशी.

मग म्हणाली, आमुंद सांगायचा, झिजलेल्या नळीत त्याला वाट सापडत नाही. तिथे गोळी भरकटते, तर त्या पोराची काय कथा.

कोण पोर, विचारलं. उठून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी.

५ ऑक्टोबर, सोमवार

शिकार सुरू झाली. सकाळपासून दरीत लांब लांब बार ऐकू येतात. प्रत्येक बाराला वर आस्लाउगची खुर्ची करकरते.

६ ऑक्टोबर

टोर्गेर आला. बंदूक ब्लँकेटात नव्हती, हातात उलटी धरलेली होती. बाकावर टाकली आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

काल सकाळी नऊला तो आपल्या जागेवर होता. मूसची मादी ऐंशी पावलांवर आली. त्याने नेम धरला. नेमात मूस नव्हती, माणूस होता. बंदूक खाली केली, तर मूस. वर केली, तर माणूस, आणखी जवळ. कोवळा पोरगा, वीस-एक वर्षांचा, करड्या कोटातून पाणी गळतंय. टोर्गेर म्हणाला, योरुन, मला बंदूक खालीच ठेवता येईना. हात ऐकेनात. तो चालत चालत आला, नळीचं तोंड त्याच्या कोटाला टेकलं तेव्हा थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं. घराचा नंबर बघतात ना, तसं. आणि मान हलवली. म्हणजे तो शोधतोय ते माणूस मी नव्हे.

मग पोराने विचारलं, ती आता कुठे राहते?

टोर्गेर म्हणाला, मी बोट दाखवलं. लहान मुलासारखं. खाली दरीत, या घराकडे.

आणि मग रडायला लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. म्हणाला, मी आणि बाबांनी त्याला पुरला होता, ओढ्याजवळ. मे महिना होता, पंचेचाळीस साल. मी पंधरा वर्षांचा. बाबा म्हणाले, मी गोळी घातली, आता बंदूक फेकायची नाही, फेकली तर लोक विचारतील, चारचौघांसारखी वापरायची. मी वापरली. बेचाळीस वर्षं समजत होतो की बाबांनी घातली. मग तो ताईला का शोधतोय, योरुन?

त्याला उत्तर माझ्याकडून नको होतं. तो जिन्याकडे बघत होता. आस्लाउग वरच्या पायरीवर उभी होती. तो उठला, टोपी घातली आणि निघून गेला.

७ ऑक्टोबर

बघायचं नाही ठरवलं होतं. सकाळी बघितलं.

छातीपर्यंत दिसतो. कोटाची बटणं मोजता येतात. एक नाहीये. तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या डोक्यावरून, वर बघतो. छताकडे.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आस्लाउगने सांगितलं. आपण होऊन, बटाटे सोलत सोलत.

त्याचं नाव एर्विन. एकोणीस वर्षांची होती ती. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी गोठ्यामागे भेटायची. युद्ध संपलं. जर्मनांनी बंदुका ठेवून बंदराकडे चालत जायचं ठरलं. गावात जर्मनांशी हसलेल्या मुलींना धरून केस कापायला सुरुवात झाली होती. तिच्या शेजारणीचे कापले, तिने खिडकीतून बघितलं. आणि त्याच सकाळी एर्विन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेतावर आला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदूक ठेवली. म्हणाला, ही घ्या, आता मी शिपाई नाही, मी इथेच राहतो, तुझ्याजवळ.

ती म्हणाली, मी हसले गं त्याच्याकडे बघून. म्हटलं, ओढ्यावर जा, तिथे थांब, मी आलेच. तो गेला. एकदाही मागे वळला नाही. इतका विश्वास. आणि मी त्याचीच बंदूक खिडकीच्या चौकटीवर टेकवली.

बटाट्याची साल एकसंध लांबच लांब निघत होती. ती तुटली. मग म्हणाली, माझे केस कुणी कापले नाहीत. बघ, अजून कमरेपर्यंत आहेत.

मी सालींची बादली उचलून मेंढ्यांना टाकायला गेले.

९ ऑक्टोबर

बस सकाळी सातला होती. पेटी भरली होती. थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. ती वर एकटी आहे. आणि वाट मी करून दिली. अर्धा फेरा, पूस, तेल — माझ्या हातांनी.

नळीत आता नुसतं करडं लोकरीचं कापड. ओलं. तोंड भरून टाकलंय त्याने.

जुनी नळी परत बसवायची. झिजलेली. त्याला वाट सापडायची नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

आस्लाउगला सांगितलं तर ती नको म्हणाली. हात धरला माझा. म्हणाली, असू दे पोरी, येऊ दे. बेचाळीस वर्षं ओढ्यावर उभं केलंय मी त्याला. तिने निळा पोशाख घातलाय. केस विंचरत बसलीय. कधी नव्हे ती गुणगुणतेय.

ती काही म्हणो. नवी नळी शिकंज्यात आवळली. महिन्यापूर्वी बसवलेली, तेल लावलेली — हलत नाही. दांड्याला लोखंडी पाइप घातला. पाइप वाकला. 

हातांना फोड. दुपारी दोनला निघाली. नळीतून पाणी आलं. कपभर. बर्फाचं पाणी, बोटं बधिर झाली.

जुनी बसवते. आटे जुळत नाहीत नीट. जुळवते.

११ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

बसली. जुनी नळी बसली. पहिल्या मापावर बोल्ट मिटतो. दुसऱ्यावरही मिटतो — असू दे, कुणाला झाडायचीय. 

चर्चची घंटा वाजतेय. टोर्गेरची गाडी आत्ता रस्त्याने गेली, थांबली नाही.

खिडकीशी बसलेय. डोळा लावायचा आहे. एकदा बघितलं की झालं. लांब, तांदळाएवढा, पाठमोरा — तसा दिसला की कपाटात बंद. चावी ओढ्यात.

बघते.

अकरा वाजून पाच मिनिटं

रिकामी आहे.

गंज, खड्डे, पांढरा गोल. बाकी काही नाही. कुणी नाही. देवा, कुणीच नाही! मी हसतेय.

पुन्हा बघितलं. रिकामी. ओढा नाही, बर्फ नाही.

लांबही नाही. पाठमोराही नाही. कुठेच —

म्हणजे आत नाही. काढलेल्या नव्या नळीतही नाही.

मग

वर खुर्ची सरकली. एक. आता दुसरी. आस्लाउग एकटी असते. आस्लाउग हसतेय. मुलीसारखी. कुणाशी तरी बोलतेय, हळू, जर्मनमध्ये. मला शाळेत शिकलेलं थोडंच येतं —

गप्प झाली. एकदम.

हाक मारली. उत्तर नाही. 

बुटांचा आवाज. या घरात कुणी आत बूट घालत नाही. जड. ओले. खोलीच्या या टोकापासून त्या —

पुन्हा तिचा आवाज. स्पष्ट. दोन वाक्यं. समजली मला.

तुझी बंदूक खाली आहे. त्या पोरीकडे.

जिना. वरची पायरी. दुसरी. मी बंदूक बाकावर ठेवलीय, एक हात वर केलाय, दुसऱ्याने लिहितेय, त्याला दिसू दे की मी ती परत

पाणी पायऱ्यांवरून खाली येतंय आधी, आणि